हिमवादळ येण्याआधी आणि गेल्यावर: पहिल्या हिवाळ्यासाठी टप्प्याटप्प्याने तयारी

हिमवादळाचा इशारा आला की नवीन आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "बर्फ किती पडणार?" प्रश्न बरोबरच आहे, पण नुसत्या त्याच्यावर विसंबून केलेली तयारी अपुरी पडते. बर्फ पडताना वारा किती असेल आणि पडून गेल्यावर पारा किती खाली राहील, या दोन गोष्टींवर तुमचा पुढचा आठवडा कसा जाणार हे ठरतं. वाऱ्याने उडणारा बर्फ रस्ता दिसेनासा करतो, घराची धुराडी बुजवतो, गाडी गाडून टाकतो. मग वादळ सरतं, ऊन पडतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमक्या त्याच वेळी पायाखाली गोठलेल्या बर्फावर माणसं पडायला लागतात. म्हणून तयारी वादळाच्या एका दिवसाची करू नका. वादळ आणि त्यानंतरचे निदान चार-पाच दिवस एकत्र धरून करा.

१. अंदाज नीट वाचायला शिका

फोनवरच्या हवामानाच्या चित्रावर भागवू नका. तुमच्या देशाच्या अधिकृत हवामान खात्याचं पान उघडा आणि इशाऱ्याचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. अमेरिकेत नॅशनल वेदर सर्व्हिस 'वॉच' जाहीर करते तेव्हा वादळाची शक्यता दाट असते, पण वेळ आणि जागा पक्की झालेली नसते. खरेदी आणि गाडीची कामं उरकायची ती याच वेळात. 'वॉर्निंग' आली म्हणजे वादळ दाराशी आलं किंवा सुरूच झालं, आता घरी थांबायचं. 'ॲडव्हायजरी' त्याहून सौम्य असते, पण गाडी चालवणाऱ्याने तीही हलक्यात घेऊ नये.

'ब्लिझार्ड' या शब्दाची व्याख्या तर लक्षात ठेवाच. अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा आणि पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या (सुमारे ४०० मीटर) आत आलेली दृश्यता, असं सलग ३ तास राहिलं तर ते ब्लिझार्ड. कॅनडाच्या बहुतेक भागात वाऱ्याची मर्यादा ताशी ४० किलोमीटर आणि कालावधी ४ तास आहे. या व्याख्येत बर्फ किती पडला पाहिजे याचा उल्लेखच नाही. आभाळ निरभ्र असतानाही आधी पडलेला कोरडा, भुरभुरीत बर्फ वारा उचलतो आणि चार पावलांवरचं दिसेनासं होतं. "बर्फ थांबलाय, आता निघू या" असं म्हणणारे इथेच फसतात.

अंदाजात मी चार गोष्टी पाहतो: वाऱ्याचे झोत, दृश्यता, बर्फाआधी पाऊस आहे का, आणि वादळानंतरच्या चार दिवसांचं दिवस-रात्रीचं तापमान. आधी पाऊस आणि मग पारा झपाट्याने खाली, हा क्रम सगळ्यांत वाईट. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो, ओला रस्ता तसाच गोठतो आणि वरून बर्फाची मऊ चादर पडते. पाय मऊ बर्फावर टाकायला जावा आणि खाली काच निघावी, अशी ती अवस्था. अंदाजात 'फ्रीझिंग रेन' दिसलं तर वीज जाणार असं धरूनच चाला. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व कॅनडात अशा गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे वाकले आणि काही घरांत कित्येक आठवडे वीज नव्हती.

'विंड चिल'चा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडाही वेगळा वाचा. तापमान उणे १० अंश सेल्सिअस (पुढचे सगळे अंशही सेल्सिअसच) आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. मात्र हा हिशेब माणसाच्या आणि जनावराच्या त्वचेचा आहे. गाडी किंवा पाण्याचा नळ वाऱ्यामुळे लवकर गार होतो, पण हवेच्या प्रत्यक्ष तापमानाच्या खाली जात नाही.

२. सामान आणि कागदपत्रं

खरेदी 'वॉच' असतानाच करा. घरात हे असू द्या:

- माणशी दिवसाला साधारण ४ लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं
- न शिजवता खाता येईल असं अन्न, आणि डबे उघडण्यासाठी हाताने चालणारा ओपनर
- नेहमीची औषधं किमान आठवडाभराची. लहान मूल असेल तर त्याचं दूध आणि डायपर
- टॉर्च, जादा बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, बॅटरीवरचा रेडिओ
- धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे अलार्म, चालू बॅटरीसह
- बर्फाचं फावडं, बर्फ वितळवणारं मीठ, थोडी जाडसर वाळू
- बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे

कागदपत्रं एका पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत ठेवा: ओळखपत्र, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद, आरोग्य विम्याचं कार्ड, औषधांची चिठ्ठी, घराचा भाडेकरार, गाडीचा विमा. त्याच पिशवीत एका कागदावर हाताने नंबर लिहून ठेवा: घरमालक किंवा इमारतीचा देखभाल विभाग, वीज कंपनीची तक्रारीची लाइन आणि तुमचा ग्राहक क्रमांक, रस्त्यावरच्या मदतीची सेवा, जवळचे दोन शेजारी. फोन बंद पडला की एकही नंबर आठवत नाही. शिवाय थंडीत फोनची बॅटरी फार लवकर उतरते.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाला आजच तीन प्रश्न विचारा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? हीटिंग बंद पडलं तर कोणाला फोन करायचा? दारासमोरचा फूटपाथ साफ करायची जबाबदारी कोणाची? अनेक शहरांत बर्फ थांबल्यापासून ठराविक तासांत फूटपाथ मोकळा न केल्यास दंड होतो, आणि करारात ते काम भाडेकरूवर टाकलेलं असू शकतं.

३. घर बाहेरून बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. अंधार पडण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. आधुनिक फर्नेसची (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची) हवा आत-बाहेर नेणाऱ्या दोन प्लास्टिकच्या नळ्या पुष्कळदा बाजूच्या भिंतीतून, जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर बाहेर आलेल्या असतात. कपडे वाळवायच्या मशीनची जाळीही तिथेच असते. वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे भिंतीच्या, कुंपणाच्या आणि उभ्या गाडीच्या मागे, उडता बर्फ येऊन साचतो. अंगणात बोटभर बर्फ आणि त्या कोपऱ्यात कंबरभर ढीग, असं सहज होतं. नळ्या बुजल्या तर फर्नेस बंद पडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जळालेला वायू घरात साठतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. म्हणून नळ्या कुठे आहेत ते पाहून ठेवा, जवळ एक काठी खुणेला रोवा आणि वादळात बाहेर पडणं सुरक्षित असेल तेव्हा त्या मोकळ्या करत राहा.

बागेच्या नळाची पाइप काढून ठेवा आणि त्या नळाचं पाणी आतूनच बंद करा. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचेल. कडाक्याच्या रात्री त्या नळातून पाण्याची बारीक धार चालू ठेवा. घर बंद करून जाणार असाल तर थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली नेऊ नका. चार पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद केलं तर फुटलेल्या पाइपचं पाणी घरभर होतं.

दाराजवळचं फायर हायड्रंट (अग्निशमन दलाचा नळ), ड्राइव्हवेची (रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेची) कड, पायऱ्यांच्या कडा, जे जे बर्फाखाली जाणार आहे त्या सगळ्याला उंच खुणा करा.

४. गाडी

पेट्रोलची टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या. गाडी विजेवरची असेल तर पूर्ण चार्ज करा. थंडीत तिचा पल्ला बराच घटतो. काच धुवायचं पाणी हिवाळी असावं, साधं पाणी काचेवर पडता पडता गोठतं. टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होत जातं, म्हणून हिवाळी टायर वेगळे येतात. त्यांच्या बाजूवर डोंगराच्या आकृतीत हिमकणाची खूण असते. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्याने सक्तीचे आहेत. चारही टायर हिवाळी घ्या, दोनच बदलले तर गाडी वळणावर फिरते.

गाडी रस्त्यावर लावत असाल तर शहराचा 'स्नो इमर्जन्सी' पार्किंगचा नियम आधी शोधून काढा. प्लाउ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी) फिरताना चुकीच्या बाजूला उभी असलेली गाडी उचलून नेतात आणि सोडवायला दंड, टोइंगचा खर्च आणि अर्धा दिवस जातो.

गाडीत ब्लँकेट, फावडं, ब्रश आणि खरवडणी, वाळूची पिशवी, टॉर्च, पाणी, काही खायला, भडक रंगाचं फडकं आणि फोनचा चार्जर ठेवा. ही यादी फक्त लांबच्या प्रवासासाठी नाही. फेब्रुवारी १९७८ च्या ब्लिझार्डमध्ये बॉस्टनभोवतीच्या रूट १२८ वर हजारो गाड्या अडकल्या, आणि त्यातले बरेच जण रोजच्यासारखे कामावरून घरी निघालेले होते.

५. वादळ सुरू असताना

घरात थांबा. काम कितीही गरजेचं वाटलं तरी 'वॉर्निंग' लागल्यावर आणि दृश्यता गेल्यावर गाडी काढू नका. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो शहरात वादळ एवढं तीव्र होतं की अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकाही अडकल्या. माणसं गाडीत, रस्त्यावर आणि घरात दगावली. तुम्ही अडकलात तर सोडवायला येणारी गाडीही अडकू शकते, हे निघण्याआधी लक्षात घ्या.

तरीही गाडी अडकलीच तर गाडीतच राहा. आसऱ्याची इमारत अगदी जवळ आणि स्पष्ट दिसत असेल तरच उतरा. उडत्या बर्फात अंतराचा आणि दिशेचा अंदाज पार चुकतो, ओळखीच्या अंगणातही माणूस भरकटतो. आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, मगच इंजिन सुरू करा. तासाला साधारण दहा मिनिटंच चालवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित खाली ठेवा. बर्फ पडत राहिला तर सायलेन्सर पुन्हा बुजतो, म्हणून दर वेळी इंजिन लावण्याआधी उतरून बघा. अँटेनाला किंवा दाराला ते भडक रंगाचं फडकं बांधा. हातपाय हलवत राहा, आणि एकापेक्षा जास्त माणसं असाल तर सगळे एकाच वेळी झोपू नका.

बाहेर जावंच लागलं तर कपडे थरांनी घाला. आतला थर सुती नको, घामाने भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर किंवा सिंथेटिक चांगलं. कान, नाक, बोटं झाका. त्वचा पांढुरकी, मेणासारखी दिसायला लागली आणि बधिर झाली तर तो फ्रॉस्टबाइट. तो भाग चोळू नका, शेकोटीजवळ किंवा हीटरवर धरू नका. आत या, कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरांना दाखवा. माणूस थरथरतोय, बोलणं अडखळतंय, बोटांत वस्तू धरता येत नाही, गोंधळल्यासारखं वागतोय, तर शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरत असण्याची शक्यता असते. ओले कपडे काढा, आधी छाती-पोट उबदार करा आणि लगेच आपत्कालीन सेवेला फोन करा. "एक पेग दिला की ऊब येईल" हे कोणी सुचवलं तरी ऐकू नका. दारूने कातडीला क्षणभर गरम वाटतं आणि शरीर आतून गार पडतं.

६. वीज गेली तर

सगळे एका खोलीत या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, पडदे ओढा. जनरेटर घराबाहेरच चालवायचा, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणंही जिवावर बेतू शकतं. कोळशाची शेगडी आणि कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात पेटवायचा नाही, आणि ओव्हन किंवा गॅस खोली गरम करायला वापरायचा नाही. वीज असताना इलेक्ट्रिक हीटर लावलात तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्सटेन्शनवर नको, आणि पडदे-पांघरुणांपासून मीटरभर दूर ठेवा.

फ्रिज उघडू नका. बंद राहिला तर आतलं अन्न सुमारे ४ तास टिकतं, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. बाहेर एवढी थंडी आहे तर अन्न बर्फात ठेवू या, असं वाटणं साहजिक आहे, पण उन्हात तिथलं तापमान वर जातं आणि जनावरंही येतात. त्यापेक्षा बाटल्यांत पाणी भरून बाहेर गोठवा आणि त्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा.

७. फावडं हातात घेताना

वादळ पूर्ण थांबायची वाट पाहू नका. वारा झेपण्यासारखा असेल तेव्हा थोडा थोडा बर्फ अनेकदा काढा, एका दमात सगळा नको. ताज्या बर्फाचं वजन ओलाव्यावर अवलंबून असतं. कोरडा असेल तर फावडं हलकं लागतं, ओला असेल तर तेवढाच ढीग कितीतरी जड. प्लाउ गेल्यावर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जी रांग पडते ती सगळ्यांत जड असते, आणि ती गोठली की दगड होते. ती त्याच दिवशी काढा.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यात दोन्ही हातांनी जोर लावला की हृदयावर अचानक भार येतो. दर हिवाळ्यात या कामात हृदयविकाराचे झटके येतात. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल, किंवा एरवी व्यायामाची सवय नसेल, तर दुसऱ्याला सांगा. हे सांगायला संकोच करू नका, शेजारीही समजून घेतात. स्वतः काढत असाल तर उचलण्यापेक्षा ढकला, गुडघ्यात वाका, कंबर पिळू नका. छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा दम लागला तर फावडं तिथेच टाका आणि मदत मागा.

स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र) अडकला तर इंजिन बंद केल्यावरही आत हात घालायचा नाही. पाती ताण साठवून ठेवतात आणि अडथळा निघताच फिरतात. काठी वापरा.

८. मागे उरणारा बर्फ

दिवसा शून्याच्या वर आणि रात्री खाली, असं चालू झालं की रोज सकाळी नवी घसरण तयार होते. छतावरून, ढिगाऱ्यातून, पन्हाळीतून पाणी फूटपाथवर येतं आणि पहाटे गोठतं. ढीग घालतानाच तो उताराच्या खालच्या बाजूला घाला, म्हणजे वितळलेलं पाणी वाटेवर येणार नाही. पन्हाळीचं तोंड वाटेवर असेल तर ते वळवा.

मिठाचं गणित समजून घ्या. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंतच नीट काम करतं. त्याहून खाली गेलं की ते तसंच पडून राहतं आणि लोक आणखी ओततात. फार थंडीत कॅल्शियम क्लोराइड घ्या, ते उणे २५ च्या आसपासही चालतं. नाहीतर वाळू टाका. ती बर्फ वितळवत नाही, पण पायाला पकड देते. बर्फ आधी खरवडा आणि मगच मीठ टाका. कॉफीच्या एका मगाएवढं मीठ ६ मीटरच्या ड्राइव्हवेला पुरतं. जास्त टाकलेलं मीठ झाडांना, काँक्रीटला आणि कुत्र्याच्या पायांना बाधतं. गरम पाणी तर मुळीच ओतू नका. थोड्या वेळात तेच पाणी गुळगुळीत बर्फ होतं, आणि गाडीच्या काचेवर ओतलं तर काच तडकते.

चालताना पावलं छोटी टाका, पाय सपाट ठेवा, वजन पुढच्या पायावर असू द्या. हात खिशात नकोत, तोल गेला तर सावरायला ते मोकळे हवेत. बसमधून किंवा गाडीतून उतरताना आधी एक पाय टेकवून जमीन तपासा, मग वजन टाका. बहुतेक लोक दुकानाच्या आत शिरताच निर्धास्त होतात, पण बुटांखालचा बर्फ वितळून फरशी तितकीच निसरडी झालेली असते.

गाडी चालवताना 'ब्लॅक आइस' (रस्त्यावरचा सहज न दिसणारा बर्फाचा पातळ थर) ओळखायची एक खूण आहे. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही आणि टायरचा आवाज एकदम शांत झालाय, तर ते पाणी नाही. ब्रेकवर जोर देऊ नका, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ ठेवा. पूल आणि उड्डाणपूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. सावलीतली वळणं दुपारीही तशीच राहतात. प्लाउच्या मागे अंतर ठेवून चला, त्याला ओलांडू नका. साफ रस्ता त्याच्या मागेच असतो. निघण्याआधी गाडीच्या छतावरचा बर्फही काढा. वेगात तो थराने उडतो आणि मागच्याच्या काचेवर आदळतो.

छताच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखालून जाऊ नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात बोगदे खणायला मुलांना फार आवडतं, पण प्लाउच्या चालकाला आत कोणी आहे हे दिसत नाही आणि ढीग आतून कोसळतो. खेळायची जागा घराच्या मागच्या अंगणात ठरवून द्या.

मीठ, वाळू आणि बॅटरी किती उरल्या ते पाहा आणि पारा वर आहे तोवर पुन्हा भरून ठेवा. पुढचा इशारा लागला की फावडी आणि मिठाच्या पिशव्याच दुकानातून सगळ्यांत आधी संपतात.